रेसिंग क्लच लिव्हर बसवल्यावर प्ले पुन्हापुन्हा बिघडतो: कारण आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा अशीच असते. डर्ट बाइकचा मूळ लिव्हर काढून रेसिंगचा आखूड लिव्हर बसवला. उभ्या गाडीवर दाबून पाहिला तर एका बोटाने दबतो, सगळं छान वाटतं. ट्रॅकवर थोडे लॅप झाले की क्लच जिथे पकड घेतो ती लिव्हरची जागा हँडलच्या जवळ येऊ लागते. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे रेटत राहते, न्यूट्रल सापडत नाही, स्टार्ट गेटवर पहिला टाकून उभं राहिलं की इंजिन दबून बंद पडतं. मग लिव्हरजवळचं ॲडजस्टरचं चाक फिरवून प्ले, म्हणजे वायरला ओढ लागण्याआधीची लिव्हरची मोकळी चाल, कमी केला, गाडी वठणीवर आली. पुढच्या वेळी थंड गाडी बाहेर काढली तर चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण गाडी पळत नाही. क्लच घसरतोय. पुन्हा प्ले वाढवला, गाडी गरम झाली, पुन्हा पहिलीच तक्रार.

या फेऱ्यात सापडलेला माणूस आधी लिव्हरला दोष देतो, मग वायर बदलतो, मग प्लेटांचा संच. तिन्ही नवे झाले तरी तक्रार तशीच राहते, कारण मूळ प्रश्न वेगळा आहे. क्लचचा प्ले दोन कारणांनी बदलतो आणि ती दोन कारणं एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतात. दोन्हींवर आपण एकच चाक फिरवत राहतो. कोणता बदल तात्पुरता आणि कोणता कायमचा, हे एकदा वेगळं करता आलं की समायोजन पुष्कळ सोपं होतं.

उष्णतेने प्ले वाढतो, झिजेने कमी होतो

केबलवर चालणाऱ्या क्लचमध्ये लिव्हर दाबला की वायर ओढली जाते, वायर इंजिनावरचा आर्म फिरवते, आर्मचा शाफ्ट पुश रॉडला ढकलतो आणि रॉड प्रेशर प्लेटला स्प्रिंगांच्या विरुद्ध बाहेर रेटतो. प्लेटांवरचा दाब सुटला की क्लच सुटला. लिव्हर मोकळा असताना या साखळीत कुठेतरी थोडी फट असावी लागते, म्हणजे स्प्रिंगांचा सगळा जोर प्लेटांवरच पडेल आणि रॉडवर काहीच भार राहणार नाही. त्या फटीलाच आपण लिव्हरवर प्ले म्हणून अनुभवतो.

आता क्लच तापला. फ्रिक्शन प्लेटा आणि स्टील प्लेटा एकावर एक रचलेल्या असतात, प्रत्येक थोडी फुगते आणि सगळ्यांची मिळून थप्पी जाड होते. थप्पी जाड झाली की प्रेशर प्लेट बाहेर सरकते, म्हणजे रॉडपासून दूर जाते. फट वाढली, लिव्हरवर प्ले वाढला. आता लिव्हरच्या चालीतला मोठा भाग नुसती फट भरण्यात जातो आणि उरलेल्या चालीत प्लेटा पुरेशा सुटत नाहीत. गाडी रेटते ती यामुळे.

झिजेचं उलट आहे. फ्रिक्शन प्लेटा झिजल्या की थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत, रॉडकडे येते, फट कमी होते. काहीच फट उरली नाही तर रॉड सतत प्रेशर प्लेटला टेकून राहतो, स्प्रिंगांचा काही जोर तो खातो आणि क्लच घसरू लागतो. घसरणारा क्लच तापतो, तापल्याने प्लेटा आणखी लवकर झिजतात.

म्हणजे गरम इंजिनावर काढलेला प्ले थंड झाल्यावर परत दिला नाही, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फट शून्याच्या आसपास असते. वर सांगितलेल्या तक्रारीतला दुसरा भाग, थंड गाडीचं घसरणं, नेमका इथून येतो. रेसिंगच्या लिव्हरसोबत येणारं चालत्या गाडीवर फिरवायचं चाक ही उत्तम सोय आहे, पण ती जेवढी घेतली तेवढी परत द्यायची सोय आहे. किती खटके घेतले ते लक्षात ठेवायचं आणि गाडी थंड व्हायला लावताना तेवढेच खटके उलटे फिरवायचे. बहुतेकांचा प्रश्न एवढ्यानेच सुटतो. ज्यांचा सुटत नाही, त्यांच्यासाठी पुढचं सगळं.

लिव्हर बसवण्याआधी एक माप घ्या

जुना आणि नवा लिव्हर शेजारी ठेवा आणि पिव्हटच्या (लिव्हर ज्या बोल्टभोवती फिरतो त्याच्या) भोकाच्या मध्यापासून वायरचं टोक ज्या भोकात बसतं त्याच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हींवर मोजा. व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम. हे अंतर २७, २८, ३० मिलिमीटर अशा घरात असतं आणि दोन-तीन मिलिमीटरचा फरक हातात धरून डोळ्यांना दिसतही नाही. क्लचचं वागणं मात्र तो बदलतो.

अंतर कमी असेल तर लिव्हर हलका लागतो, कारण बोटाला मिळणारी तरफ वाढते. पण तेवढीच वायर कमी ओढली जाते. समजा लिव्हर पूर्ण दाबल्यावर २२ अंशांत फिरतो. ३० मिलिमीटरच्या लिव्हरने वायर साधारण ११.५ मिलिमीटर ओढली जाईल, २७ च्या लिव्हरने साधारण १०.४. दोन्हींत पहिले दोनेक मिलिमीटर प्ले भरण्यात जातात. उरलेल्या चालीतून सव्वाअकरा टक्क्यांहून जास्त चाल गेली, आणि गरम झाल्यावर फट आणखी वाढली की क्लच पूर्ण सुटायला काही उरतच नाही. ‘हलका दबतो’ म्हणून विकत घेतलेला लिव्हर गरम गाडीवर रेटतो याचं हे सरळ गणित आहे, त्यात लिव्हरच्या दर्जाचा काही दोष नाही.

यातच कुणी इंजिनावरचा क्लच आर्मही लांब लावला असेल तर परिणाम दुप्पट होतो. लांब आर्मसुद्धा ओढ हलकी करतो आणि रॉडची चाल कमी करतो. दोन्ही एकत्र असतील तर एक मूळचा परत लावा. माझं मत विचाराल तर आर्म मूळचा ठेवावा आणि हलकेपणा लिव्हर, वायरचा मार्ग आणि वंगण यांतून मिळवावा.

बसवताना

हँडलला लिव्हर धरून ठेवणारा जो भाग असतो त्याला पर्च म्हणतात. जुन्या पर्चवर नवा लिव्हर लावत असाल तर पिव्हटचं भोक, बुश आणि लिव्हरची जाडी जुळते का ते आधी बोल्ट न कसता पाहा. लिव्हर पर्चमध्ये वरखाली डुगडुगत असेल तर ती हालचाल पुढे प्लेमध्ये मिसळते आणि तुम्ही जे मोजाल ते खोटं निघेल. शक्य असेल तर पर्च आणि लिव्हर एकाच संचाचे घ्या.

पर्च लावण्याआधी हँडलवर त्या जागी प्लंबिंगची पांढरी टेफ्लॉन टेप दोन-तीन वेढे गुंडाळा. मग पर्चचे दोन बोल्ट इतकेच कसा की चालवताना तो हलणार नाही, पण हाताने जोर लावून फिरवला तर फिरेल. गाडी पडल्यावर पर्च हँडलवर फिरतो आणि लिव्हर वाचतो. अनेक मॅन्युअलमध्ये या बोल्टांचा टॉर्क ५ ते १० न्यूटन-मीटरच्या आत असतो, तो काही मोठा आकडा नाही. वरचा बोल्ट पूर्ण, मग खालचा, असं ज्या पर्चवर बाणाने किंवा खुणेने सांगितलेलं असतं तिथे तो क्रम पाळा.

पिव्हटचा बोल्ट ही दुर्लक्षित जागा आहे. बोल्ट जास्त कसला तर पर्चचे दोन कान लिव्हरला चिमटतात. लिव्हर दाबताना कळत नाही, पण सोडल्यावर तो शेवटचे दोन मिलिमीटर स्वतःहून परत येत नाही. हे शेवटचे दोन मिलिमीटर म्हणजेच प्ले. बोल्ट आधी हलका बसवायचा, लिव्हर मोकळा हलतो आणि तरी डुगडुगत नाही अशी जागा शोधायची, आणि मग बोल्ट स्थिर धरून खालचा नट कसायचा. नट कसल्यावर लिव्हर पुन्हा हलवून पाहा. बुशला ग्रीसचा पातळ थर पुरेसा आहे. जास्त ग्रीस लावलं तर त्यात धूळ आणि चिखल अडकतो आणि तो घासणीच्या लेपासारखा काम करतो.

आता वायर. ॲडजस्टर, त्याचा लॉक नट किंवा चाक आणि पर्च या तिन्हींत वायर आत घालण्यासाठी एकेक खाच असते. तिन्ही खाचा एका रेषेत आणा, वायरचं गोल टोक लिव्हरमध्ये बसवा, वायर खाचेतून आत घ्या. आणि मग ॲडजस्टर फिरवून खाचा एकमेकींपासून दूर करा. समायोजन पूर्ण झाल्यावर खाच नेमकी समोर येत असेल तर अर्धा फेरा इकडे-तिकडे करा. खाचा जुळलेल्या राहिल्या तर एखाद्या जोराच्या आदळीत वायर बाहेर निघू शकते.

वायरच्या टोकाचा गोल तुकडा लिव्हरच्या भोकात सहज फिरला पाहिजे. काही नव्या लिव्हरांत भोक रंगामुळे किंवा ॲनोडायझिंगमुळे घट्ट असतं. तुकडा फिरत नसेल तर प्रत्येक वेळी लिव्हर दाबताना त्याच्या मागची वायर वाकते, आणि वाकून वाकून तारा एकेक करून तुटू लागतात. तारा तुटत गेल्या की उरलेल्या तारांवर ओढ वाढते, वायर लांबते, प्ले वाढतो. ‘रोज प्ले वाढतो आणि कारण सापडत नाही’ अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी इथेच पाहायला सांगेन. लिव्हरमधून टोक बाहेर काढा, मागच्या अर्ध्या इंचात एकही तार उसवलेली दिसली तर ती वायर गाडीवर परत लावू नका.

वायरचा मार्ग मूळ गाडीवर होता तसाच ठेवा. इंजिनाच्या, एक्झॉस्टच्या आणि फोर्कच्या मधून जाताना कुठेही तीव्र वळण नको. नंबर प्लेटमागे वायर दाबली जात असेल किंवा हँडगार्डच्या क्लॅम्पला अडत असेल तर ते आत्ताच कळेल: हँडल डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण वळवा आणि दोन्ही टोकांना प्ले तपासा. बदलला तर मार्ग चुकलाय. हा बदल ॲडजस्टर फिरवून कधीच बरा होणार नाही.

लिव्हरची जागा

आखूड लिव्हर लावून पर्च जुन्याच जागी ठेवला, की बोट लिव्हरच्या टोकाऐवजी पिव्हटच्या जवळ पडतं. तिथे तरफ कमी, म्हणून लिव्हर जड लागतो आणि माणूस दोन बोटं वापरू लागतो. पर्च हँडलच्या मध्याकडे सरकवा, इतका की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणात बसेल. उंची उभं राहून ठरवा, बसून नाही, कारण मातीत तुम्ही बहुतेक वेळ उभे असता. मनगट वरही न वाकता आणि खालीही न वाकता बोट लिव्हरवर जायला हवं.

एका बोटाने क्लच वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहायलाच हवी. बाकीची तीन बोटं ग्रिपवर असतात आणि लिव्हर दाबल्यावर तो त्या बोटांच्या पेरांवर टेकतो. टेकला तिथे चाल संपली. क्लच पूर्ण सुटण्याची जागा त्याच्या पुढे असेल, तर तुमचा क्लच हातात कधीच पूर्ण सुटत नाही. उभ्या गाडीवर मात्र चार बोटांनी दाबून तपासलं तर सगळं नीट दिसतं. म्हणून ग्लव्ह घालून, ज्या पकडीत चालवता त्याच पकडीत तपासा. अडत असेल तर रीच ॲडजस्टरने, म्हणजे लिव्हर ग्रिपपासून किती दूर राहील ते ठरवणाऱ्या स्क्रूने, लिव्हर थोडा बाहेर घ्या.

हा रीचचा स्क्रू फिरवल्यावर प्ले तपासणं विसरू नका. काही लिव्हरांत पुढची पट्टी वेगळी असते आणि रीच बदलला तरी वायर धरणारा आतला तुकडा जागचा हलत नाही, तिथे प्ले तसाच राहतो. पण ज्या लिव्हरांत स्क्रूचं टोक पर्चला टेकून लिव्हर आत आणतं, तिथे लिव्हर आत आला की वायर आधीच थोडी ओढली जाते आणि प्ले खाल्ला जातो. हात लहान म्हणून कुणी रीच कमी केला आणि क्लच घसरू लागला, तर कारण हेच असण्याची शक्यता मोठी.

प्ले कुठे मोजायचा

केबल क्लचच्या मोटोक्रॉस बाइकच्या मॅन्युअलमध्ये प्ले सहसा लिव्हरच्या टोकाशी दिलेला असतो, गाडीनुसार ८ ते २० मिलिमीटरच्या दरम्यान. हा आकडा मूळ, लांब लिव्हरसाठी असतो. आखूड लिव्हरच्या टोकाशी तोच आकडा ठेवला की वायरवर जास्त प्ले राहतो.

उदाहरण घेऊन पाहू. वायर पिव्हटपासून २८ मिलिमीटरवर आहे, मूळ लिव्हरचं टोक १५० वर आणि रेसिंग लिव्हरचं ११५ वर. मॅन्युअल म्हणतं टोकाशी १२ मिलिमीटर. मूळ लिव्हरवर याचा अर्थ वायरवर साधारण २.२ मिलिमीटर फट. आखूड लिव्हरवर तेच १२ ठेवले तर वायरवर साधारण २.९. म्हणजे मॅन्युअल अगदी काटेकोर पाळूनही तुम्ही जवळजवळ तिसरा हिस्सा जास्त प्ले ठेवलात. आखूड लिव्हरच्या टोकाशी बरोबर आकडा साधारण ९ मिलिमीटर होतो. तुमच्या लिव्हरची मापं घ्या, मॅन्युअलच्या आकड्याला नव्या लांबीने गुणा आणि जुन्या लांबीने भागा.

त्यापेक्षा सोपी आणि मला जास्त विश्वासाची वाटणारी पद्धत म्हणजे लिव्हरची लांबी बाजूलाच ठेवून वायरजवळ मोजणं. लिव्हर बोटाने हलकेच इतका ओढा की वायरला ओढ लागेल, आणि पर्चपाशी आउटरचं (वायरवरच्या बाहेरच्या आवरणाचं) टोक व ॲडजस्टर यांच्यात किंवा लिव्हर आणि पर्चच्या मध्ये किती फट पडते ते पाहा. बहुतेक गाड्यांवर ही फट २ ते ३ मिलिमीटरच्या आसपास चांगली चालते. दोन नाण्यांच्या जाडीएवढी पट्टी कापून टूलबॅगेत ठेवली तर दर वेळी फूटपट्टी शोधावी लागत नाही.

कोणता ॲडजस्टर कधी

समायोजनाची सुरुवात खालून करायची. लिव्हरजवळचं चाक आधी जवळजवळ पूर्ण आत घ्या आणि मग दोन-तीन फेरे बाहेर काढून मध्यावर ठेवा. असं ठेवलं तरच चालत्या गाडीवर दोन्ही दिशांना फिरवायला जागा उरते. मग वायरच्या मधल्या किंवा इंजिनाजवळच्या ॲडजस्टरने मोठा प्ले काढा आणि तिथला लॉक नट कसा. बारीक जुळवणी शेवटी वरच्या चाकाने. अनेक गाड्यांवर चाक आट्यांच्या शेवटपर्यंत बाहेर आलेलं दिसतं. ते धोक्याचं आहे, कारण दोन-तीन आट्यांवर तोललेला ॲडजस्टर पडल्यावर आधी वाकतो किंवा तुटतो.

याच वेळी इंजिनावरच्या आर्मकडे पाहा. प्ले संपून ओढ लागते तेव्हा वायर आणि आर्म यांच्यात काटकोनाच्या जवळपासचा कोन असला पाहिजे. आर्म त्या कोनापासून बराच हटलेला असेल, तर प्लेटा झिजल्या आहेत किंवा आर्म शाफ्टवर चुकीच्या दात्यावर बसला आहे. अशा कोनात वायर ओढली तरी आर्म कमी फिरतो, आणि हात जास्त दुखतो.

सगळं लावताना इंजिन थंड असावं. रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. थंड इंजिनावर वायरजवळ २ ते ३ मिलिमीटर, लॉक नट कसलेले, चाकाच्या खटक्यांची जागा मनात किंवा पेंटने खूण करून ठेवलेली. हा तुमचा पाया. यानंतर होणारा प्रत्येक बदल या पायाशी ताडून पाहायचा.

गरम झाल्यावर तपासणी

दहा-पंधरा मिनिटं जोरात चालवा, मग सपाट जागी थांबून पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबा आणि हलकेच रेस द्या. गाडी रेटत नसेल, न्यूट्रल मिळत असेल, तर प्ले थोडा वाढलेला असला तरी काही करू नका. गरम क्लचवर थोडा जास्त प्ले असणं नैसर्गिक आहे. रेटत असेल तर चाकाचे एक-दोन खटके घ्या आणि पुन्हा पाहा.

घसरण्याची परीक्षा उलट बाजूने. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चालत असताना एकदम पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम उडी मारून वाढले आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरतोय. अशा वेळी लगेच प्ले वाढवा. घसरत्या क्लचवर आणखी एक लॅपही नको, कारण त्या एका लॅपमध्ये स्टील प्लेटा निळ्या पडू शकतात.

गरम होताना किती खटके लागतात याची वहीत नोंद ठेवा. दर वेळी एक-दोन लागत असतील तर तुमचा क्लच निरोगी आहे. चार-पाच लागू लागले, किंवा आधी दोन लागायचे आणि आता पाच, तर थप्पी नेहमीपेक्षा जास्त तापतेय. क्लचवर सतत बोट ठेवून चालवणं, कोपऱ्यात वरच्या गिअरमध्ये राहून क्लचने आरपीएम ओढून घेणं, इंजिन ऑइल कमी असणं, ही नेहमीची कारणं.

आणि थंड इंजिनावर प्ले हळूहळू कमी होत गेला, आउटिंगमागून आउटिंग, तर ती झीज आहे. तिचा उपाय म्हणजे इंजिन थंड असतानाच प्ले पुन्हा पायावर आणणं. बदल गरम इंजिनावर आणि वाढता असेल तर उष्णता, थंड इंजिनावर आणि कमी होणारा असेल तर झीज, आणि थंड इंजिनावरही वाढता असेल तर वायर: आउटर नवा असताना टोप्यांत बसून दबतो, आतली वायर लांबते किंवा तारा तुटतात. नवी वायर पहिल्या एक-दोन वेळा थोडी सैल पडते, त्यानंतर ती स्थिर व्हायला हवी.

लिव्हरच्या हाताबाहेरचं

काही दोष लिव्हरवर जाणवतात पण तिथे सुटत नाहीत. क्लच सोडताना गाडी झटका देऊन उचलते, प्ले बरोबर असूनही गरम झाल्यावर रेटते, आणि लिव्हरच्या चालीत एखादी पायरी असल्यासारखं बोटाला लागतं: क्लच कव्हर उघडा आणि बास्केटच्या (प्लेटा ज्या भांड्यात बसतात त्याच्या) बोटांवर पाहा. फ्रिक्शन प्लेटांचे कान जिथे टेकतात तिथे खाचा पडलेल्या दिसतील. प्लेटा त्या खाचांत अडकतात आणि मोकळ्या सरकत नाहीत. फाइलने खाचा गुळगुळीत करणं हा तात्पुरता उपाय, खाचा खोल असतील तर बास्केट बदलणंच योग्य. आतल्या हबच्या दात्यांवरही तसंच तपासा.

स्टील प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासा. मर्यादा मॅन्युअलमध्ये असते, मिलिमीटरच्या एक ते तीन दशांशांच्या घरात. वाकलेली एक प्लेट पुरे, गाडी रेटणारच. निळ्या पडलेल्या प्लेटा सरळ दिसल्या तरी मी परत लावणार नाही. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजा. तापून मऊ पडलेल्या स्प्रिंगा आखूड होतात आणि प्ले बरोबर असूनही क्लच घसरतो. नव्या फ्रिक्शन प्लेटा बसवण्याआधी काही तास इंजिन ऑइलमध्ये भिजवून ठेवा.

ऑइलचा मुद्दा छोटा पण पक्का आहे. ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये चालणाऱ्या, क्लचसाठी जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ दर्जाचं ऑइल हवं. घर्षण कमी करणारी द्रव्यं घातलेलं कारचं ऑइल प्लेटांना घसरवतं. जुनं, पातळ झालेलं, प्लेटांच्या चुऱ्याने काळं पडलेलं ऑइल बदलल्यावर गरम क्लचचं वागणं किती सुधारतं हे एकदा करून पाहण्यासारखं आहे. प्लेटांचा संच विकत घेण्याआधी तर नक्कीच.

हायड्रॉलिक क्लच असेल तर

इथे वायर नाही, आणि उष्णतेने किंवा झिजेने होणारा बदल द्रव स्वतःच भरून काढतो. लिव्हरवरचा स्क्रू रीचचा असतो, वरच्यासारखं प्लेचं चाक इथे नसतं. पण हा आपोआप होणारा समतोल एका अटीवर चालतो: लिव्हर मोकळा असताना मास्टर सिलिंडरचा पिस्टन पूर्ण मागे आला पाहिजे, म्हणजे टाकीकडे जाणारं बारीक छिद्र उघडं राहील. बाहेरच्या कंपनीच्या लिव्हरचा पिस्टन ढकलणारा भाग किंचित मोठा असला, तर पिस्टन कायम थोडा आत राहतो आणि छिद्र बंद होतं. इंजिन तापलं की द्रव फुगतो, त्याला परत जायला वाट नाही, म्हणून तो स्वतःच क्लच दाबू लागतो. गाडी थंड असताना उत्तम आणि गरम झाल्यावर घसरते, म्हणजे केबलच्या बरोबर उलट. लिव्हर मोकळा असताना तो बोटाने थोडा तरी डुलतो का पाहा. डुलत नसेल तर लिव्हर आणि मास्टर सिलिंडरची जोडी जुळत नाही. ढकलणारा भाग घासून बसवण्यापेक्षा त्या मास्टर सिलिंडरसाठी बनलेला लिव्हर घ्या.

लिव्हर स्पंजासारखा लागत असेल तर द्रवात हवा आहे, ब्लीड करा, म्हणजे ती बाहेर काढा. द्रव मात्र टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच भरा. काही क्लचांत ब्रेक फ्लुइड चालतं, काहींत मिनरल ऑइल, आणि चुकीचं भरलं तर सील फुगून निकामी होतात.

पडल्यानंतर

गाडी उचलून पुढे निघण्याआधी पर्च फिरलाय का, ॲडजस्टर वाकलाय का, आणि लिव्हर पूर्ण परत येतो का, एवढं पाहा. घडी होणारे लिव्हर बाहेरच्या दिशेने वाकून वाचतात, पण त्यांच्या सांध्यात चिखल शिरला तर पुढची पट्टी अर्धवट घडीत राहते आणि चाल कमी होते. ती हाताने जागेवर आणा. सरळ, घडी न होणारा ॲल्युमिनियमचा लिव्हर एकदा वाकला की हाताने सरळ करून शर्यत पूर्ण करता येते, पण त्या वाकावर आतून तडा गेलेला असू शकतो. पिटमध्ये परत आल्यावर तो काढून ठेवा. नवा लावल्यावर प्ले पुन्हा वायरजवळ मोजा, कारण पडताना पर्च आत सरकलेला असू शकतो आणि आउटर ॲडजस्टरच्या टोपीत तिरका बसलेला असू शकतो.